आधी तोबरा, मग भाकरी

नगर शहराच्या आग्नेयेला पाच-सहा कोसांवर, मेहकरी नदीच्या काठी भातोडी गाव आहे. गावाजवळ निजामशाहीच्या काळातला तलाव आहे. इतिहासात ही जागा भातवडी म्हणून ओळखली जाते. १६२४ साली इथे एक मोठी लढाई झाली.

एका बाजूला मोगलांचा लष्करखान आणि विजापूरचा मुल्ला महंमद लारी अशा दोन फौजा एक होऊन आल्या होत्या. दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर होता. त्याच्याकडे शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी होते, तर शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मोगलांकडे गेले होते. एकाच मुलखातली, एकमेकांच्या नात्यातली माणसं समोरासमोर उभी होती. नगरचा किल्ला तेव्हा मोगलांच्या ताब्यात होता. त्यांच्याकडे माणसं जास्त, तोफा जास्त, हत्तीही जास्त. अंबराने मैदानात थेट भिडायचं टाळलं आणि शत्रूची रसद धरली.

अंबराच्या फौजेतल्या एका तरुण बारगिराची ही गोष्ट.

त्याच्या मांडीखालचा घोडा सरकारी, कमरेची तलवार मात्र आजोबांची होती. मोठ्या लढाईत सगळ्यांच्या पुढे घुसावं आणि थेट खानाच्या हत्तीपर्यंत पोचावं, एवढीच त्याला हौस. पण हुकूम रोज वेगळाच यायचा. रात्री घोड्यांवर खोगीर चढवा, नगरच्या वाटेवर दबा धरा, छावणीकडे निघालेला धान्याचा तांडा गाठा, बैल वळवून आणा आणि उजाडायच्या आत डोंगरात पसार व्हा. वैरणीची गंज दिसली की पेटवा. गवत कापायला कोणी छावणीबाहेर आलं की पिटाळून लावा.

पोरगा वैतागला. पथकाचा म्होरक्या एक म्हातारा शिलेदार होता. त्याला तो म्हणाला, “बाबा, ही कसली लढाई? बैल वळवायचे तर ते मी गावाकडेच वळवत होतो.”

म्हाताऱ्याने विचारलं, “खानाचा हत्ती कशावर उभा आहे?”

“चार पायांवर.”

“नाही पोरा. बैलाच्या पाठीवर जी गोणी आहे ना, तिच्यावर.”

पोराला ते पटलं नाही. पण हुकूम तो हुकूम.

त्याच रात्री एक तांडा हाती लागला. पोराने पुढच्या बैलाच्या गळ्यातल्या घंटेत गवताचा बोळा कोंबला आणि कासरा हातात घेतला. अंधारात कुठे तलवारीचा खणखणाटही झाला नाही. तांडेवाला वाटेच्या कडेला हात जोडून बसला होता. निघतानाच म्हाताऱ्याने सांगून ठेवलं होतं, की तांडेवाल्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, कोणाच्याही राज्यात धान्य तीच माणसं वाहतात.

पोराने त्याला विचारलं, “एवढं धान्य घेऊन निघालास, मग पहाऱ्याचे स्वार कुठे आहेत?”

“पुढे निघून गेले, मालक. बैल हळू चालतात म्हणून कंटाळले. छावणीत ताटं वाढली असतील म्हणाले.”

“आणि तू जेवलास?”

तांडेवाल्याने मान हलवली. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, आणि ते त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

असे दिवस जात राहिले. भातवडीच्या छावणीत दाणा मिळेना, चारा मिळेना. शत्रूकडची माणसं उपाशीपोटी रात्रीची अंबराकडे येऊन मिळू लागली. एके दिवशी पोरासमोर असाच एक शिपाई आला. धिप्पाड गडी, अंगात चिलखत, कमरेला पोराच्या तलवारीपेक्षा चांगली तलवार. त्याला भाकरी दिली, तर तोंडात घातलेला घास गिळायच्या आतच तो दुसरा तुकडा मोडू लागला. पोट थोडं शांत झाल्यावर म्हणाला, “आमच्या सरदाराच्या डेऱ्यात अजूनही शिजतं. आमचे घोडे मात्र खुंट्याला बांधल्या जागी मेले.”

पोरगा त्याच्याकडे बघत राहिला. या माणसाशी गाठ पडली असती तर आपला निभाव लागला नसता, हे त्याला कळत होतं. त्याला हरवलं होतं ते वाटेत तांडा टाकून पुढे गेलेल्या त्याच्याच स्वारांनी आणि स्वतःचं ताट आधी वाढून घेणाऱ्या त्याच्याच सरदाराने.

पुढे अंबराने तलावाचा बांध फोडला. पाणी छावणीभोवती पसरलं, सगळीकडे चिखल झाला, तोफा जागेवरून हलेनात. भुकेने आधीच खिळखिळी झालेली ती प्रचंड फौज अंबराच्या हल्ल्यापुढे टिकली नाही. मुल्ला महंमद मारला गेला, लष्करखान कैद झाला. विजय स्वस्तात मिळाला नाही. शरीफजीराजे या लढाईत पडले. त्यांची समाधी भातोडीत आहे.

लढाईच्या संध्याकाळी पोरगा घोड्यावरून उतरला. चुलीवरच्या भाकऱ्यांचा वास येत होता. लगाम खुंट्याला अडकवून तो तिकडे धावला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

“घोड्याला पाणी पाजलंस? तोबरा चढवलास?”

“बाबा, आज जिंकलो आपण! सकाळपासून पोटात अन्न नाही. दोन घास खातो आणि लगेच बघतो त्याचं.”

म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. “त्या रात्री तांडा सोडून पुढे गेलेले स्वार आठव. तेही भुकेलेच होते. त्यांनाही वाटलं होतं, दोन घास खाऊ आणि मग बघू.”

पोरगा मागे फिरला. त्याने घोड्याचं खोगीर उतरवलं, ओल्या पाठीवरून खरारा केला, पाणी पाजलं. तोबऱ्यात हरभरे घालून तो घोड्याच्या तोंडाला बांधला. मग हाती लागलेल्या बैलांना चारा टाकला, त्यांच्याबरोबर आलेल्या तांडेवाल्याला भाकरी नेऊन दिली, आणि त्यानंतर स्वतः जेवायला बसला. पुढे त्याच्या हाताखाली पथक आलं, तेव्हाही त्याने हा क्रम कधी मोडला नाही.

आज या जिल्ह्यात फौजा नाहीत, साखर कारखाने आहेत. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात १९५० साली इथल्याच प्रवरानगरला झाली. दर हंगामात पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन ऊसतोड कामगार फडात उतरतात, म्हणून गाळप सुरू राहतं. त्यांच्या कोपीत चूल पेटली का, त्यांची लेकरं शाळेत गेली का, आजारी बाईला दवाखाना मिळाला का, हे ज्या कारखान्यात विचारलं जातं तोच खरा भक्कम. घराचं, दुकानाचं, राज्याचंही तसंच आहे.

तात्पर्य: आपला भार जे वाहतात त्यांची भूक आधी भागवावी. त्यांना विसरणाऱ्याचं बळ कितीही मोठं असलं तरी टिकत नाही.