भेट माणसाला की खुर्चीला?



अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचत्या करा आणि निवाडा न्यायाने करा, असा आदेश अल्लाहने सूरह निसाच्या ५८व्या आयतीत दिला आहे. अमानत म्हणताच आपल्याला शेजाऱ्याने सांभाळायला दिलेला दागिना आठवतो. कचेरीतील सही आणि शिक्का आठवत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्या शिक्क्याचे वजन सर्वांना ठाऊक आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ साल उजाडले. वाघाने बैल मारला, तर पंचनाम्यावाचून मदत नाही. ज्याच्या हाती ती लेखणी, त्याच्या हाती एका घराचा पुढचा हंगाम असतो.

एकदा जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण वनरक्षक माझ्यापाशी थांबला. एका शेतकऱ्याच्या बैलाचा पंचनामा त्याने चोख केला होता. मागितले काहीच नव्हते. मदत मिळाल्यावर शेतकरी नवा तांदूळ आणि कोंबडा घेऊन त्याच्या घरी आला. हा बाहेर होता; आईने ते आनंदाने ठेवून घेतले. “मौलाना, यात गैर काय?” खरे सांगतो, ‘काही हरकत नाही’ हेच शब्द माझ्या ओठांवर आले होते. गरिबाचे मन कसे मोडावे?

मग हजरत अबू हुमैद साइदी (रजि.) यांनी कथन केलेली, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीस आठवली. जकात वसूल करून आलेला एक कर्मचारी म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारले की, हा आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? असे घेतलेले जनावर कियामतच्या दिवशी माणसाच्या मानेवर ओरडत असेल, अशी ताकीदही त्यांनी दिली.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हेही निरपवाद सचोटी मागतात. कर्मचाऱ्याने स्वतः भेट घेऊ नये, एवढ्यावर ते थांबत नाहीत. काही मर्यादित अपवाद वगळता कुटुंबीयांनाही ती घेऊ देऊ नये, असे सांगतात. म्हणजे ही जबाबदारी उंबरठ्यापर्यंत येते.

मी त्या तरुणाला म्हणालो, “उद्या ज्याच्याकडे कोंबडा नाही, त्याला वाटेल की कोंबड्याविना पंचनामा होत नाही. त्याचे मन कोण सांभाळणार?” त्याने कोंबडा परत केला आणि शिजून गेलेल्या तांदळाची किंमत चुकती केली. शेतकरी प्रथम दुखावला. तेव्हा तो तरुण त्याच्या ओसरीवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, “काका, ही मदत तुमचा हक्कच होता, माझे उपकार नव्हेत.”

माता-पित्यांनो, आपली मुले-मुली आज स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहेत. त्यांच्या यशासाठी दुआ अवश्य करा. पण निकाह ठरवताना ‘वरची कमाई किती?’ असे विचारू नका. ‘आपला माणूस कचेरीत आहे’ म्हणून दुसऱ्याच्या आधी आपला कागद पुढे सरकवायला सांगू नका. त्याची अमानत मोडण्यात आपलाही हात लागतो. दारी आलेली पिशवी गोड बोलून परत पाठवणारी आई त्याच्या आखिरतची राखण करते.

अल्लाह आपल्या घरांत हलाल रोजी आणि आपल्या लेकरांच्या लेखणीत न्याय देवो. आमीन.