पगारी सेवा



गेल्या महिन्यात मिस्सा संपल्यावर आपल्यातलाच एक तरुण भेटायला आला. नर्सिंग पूर्ण करून त्याने दोन वर्षे नोकरी केली आहे. आता एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेत अर्ज करायचा आहे, शिफारसपत्र द्या म्हणाला. मी विचारले, "कशासाठी जायचे?" तो म्हणाला, "फादर, सेवा करायचीच आहे, पण पगारही बरा आहे. घरावर कर्ज आहे." शेजारी उभ्या असलेल्या आईने त्याला कोपराने डिवचले. फादरांपुढे पगाराचे बोलू नये, असे तिला वाटले असावे!

मोबदला घेतला की सेवा संपते का? आपल्या शिर्डीत दूरदूरचे सेवेकरी येऊन विनामोबदला राबतात आणि त्यांच्या शेजारीच पगारी माणूस तेच काम वर्षभर करतो. दयाळू शोमरोन्याची गोष्ट ऐकताना आपले लक्ष शोमरोन्याकडेच असते. पण दुसऱ्या दिवशी तो पुढे निघून गेला. जखमी माणसाला त्याने सोपवले उतारशाळेच्या मालकावर, दोन दिनार देऊन. त्या मालकाला येशूने कुठेही नावे ठेवलेली नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले. १९७२ चा दुष्काळ त्यांनी पाहिला. नुसते धान्य वाटून पुढचा दुष्काळ टळत नाही, हे ओळखून ते पाणलोटाच्या कामाकडे वळले. जर्मनीच्या मदतीने गावोगाव बांध-बंदिस्ती झाली, १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था उभी राहिली. त्या कामांत गावकऱ्यांना मजुरी मिळे, पण मजुरीचा काही भाग गाव श्रमदान म्हणून सोडत असे. एकाच बांधात दोन्ही. कोणता दगड मजुरीचा आणि कोणता श्रमदानाचा, हे पाण्याला कुठे कळते?

पाण्याला नाही, पण दगड उचलणाऱ्याला कळते, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. सेमिनरीत कांट शिकताना एक शब्द मनात रुतला: माणसाला *निव्वळ* साधन म्हणून वापरू नका. पगार घेणारा परिचारक रुग्णाला माणूस म्हणून वागवू शकतो. उलट, पदरचे पैसे खर्चून दोन आठवडे अनाथालयात जाणारा आणि मुलांसोबत फोटो काढून परतणारा त्या मुलांना पायरी करून गेलेला असू शकतो. फुकट केले म्हणजे निःस्वार्थ केले, असे मुळीच नाही.

(जाता जाता पालकांसाठी: खरी मदतसंस्था नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. एजंटाने मागितले तर आधी मला भेटा. या संस्थांना डॉक्टर-नर्सच नव्हे, पाणीपुरवठ्याचे जाणकार आणि हिशेबनीसही लागतात. नुसती तळमळ घेऊन गेलेला माणूस तिथे अडचणच होतो.)

पत्र मी लिहिले. 'निःस्वार्थ' हा शब्द त्यात घातला नाही. आपल्या वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना तो रात्रपाळीहून परतताना रोज कूस बदलून देतो, पाठ पुसतो, आणि घाई करत नाही, एवढेच लिहिले. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्याची निवड झाली तर आजींकडे कोण जाणार, हे मात्र अजून ठरलेले नाही. ज्यांना सकाळी अर्धा तास काढता येईल, त्यांनी आज मिस्सेनंतर मला भेटावे.

ख्रिस्तात आपला,
फादर