हिरकणीचा बुरूज

दरवाजा भक्कम आहे एवढ्यावरून घर सुरक्षित आहे असे समजण्याची माणसाची खोड फार जुनी आहे. आम्हां चांदवडकरांच्या डोळ्यांसमोर किल्ला सदैव असतो. त्याचे ताशीव कडे पाहिले की मला रायगडची हिरकणी आठवते. दरवाजे मिटले होते, घरी तान्हे मूल होते. ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि त्याच जागी बुरूज बांधला, अशी आख्यायिका आहे. आपण या कथेत आईची माया पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण गडातली उणीव दाखवणारा माणूस गडाचा वैरी नव्हे, हेही ती कथा सांगते.

संगणकालाही असे कडे असतात. पडद्यावरच्या चित्रांवर बोट न ठेवता, अक्षरांत हुकूम लिहून यंत्राकडून काम करून घेण्याची साधने आहेत. मायक्रोसॉफ्टचे पॉवरशेल हे त्यांतलेच. हुकमांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, एकदा लिहून ठेवली की शेकडो यंत्रांची देखभाल एका बैठकीत होते. एवढे सामर्थ्य म्हटल्यावर पहारा आलाच. म्हणून मंजूर प्रोग्रॅमच चालू देणारी एक चौकी विंडोजमध्ये ठेवता येते. पण यंत्रावर आधीच व्यवस्थापकाचा अधिकार बळकावलेल्या माणसाला पॉवरशेलच्या आडवाटेने ही चौकी चुकवता येते, असे आढळले. ऑक्टोबर 2021 मध्ये 7.0.8 आणि 7.1.5 या आवृत्त्या काढून ती वाट बुजवली गेली. दरवाजा कोणी फोडलाच नव्हता. तो टाळता येत होता, इतकेच.

आता प्रश्न असा, की अशी वाट ज्याला सापडली त्याने बोभाटा करावा की मौन धरावे? बोभाटा केला तर चोराला पत्ता मिळतो. मौन धरले तर घरधनी गाफील राहतो. सप्टेंबर 2014 मध्ये स्तेफान शाझला यांना बॅश या अशाच हुकूम-साधनात 1989 पासून दडलेली उणीव दिसली. बाहेरून आलेला मजकूर नुसता वाचून थांबण्याऐवजी बॅश त्याच्या शेपटाला जोडलेला हुकूमही बजावीत असे. त्यांनी आधी ते साधन फावल्या वेळात सांभाळणाऱ्या चेट रेमी यांना गुपचूप कळवले. दुरुस्ती तयार झाली, आणि मगच 24 सप्टेंबरला जगाला सांगितले गेले. मला हा मार्ग नीतीचा वाटतो. मौन होते, पण ते मुदतीचे होते आणि बुरूज बांधण्यासाठीच होते.

तरीही लगोलग हल्ले सुरू झालेच. ठिगळ कुठे लावले हे पाहिले की कापड कुठे फाटले होते ते कळते. शिवाय पहिले ठिगळ अपुरे ठरले, आणखी लावावी लागली. मग हा खटाटोप कशाला, असे म्हणणारे भेटतात. पण छप्पर एकदा शाकारून पुन्हा गळले, म्हणून कोणी पावसात उघड्यावर निजत नाही.

हिरकणीची उपमा मात्र येथे अपुरी पडते. महाराजांनी एक बुरूज बांधला आणि गड निर्धोक झाला. येथे कारागीर फक्त बुरुजाचा नकाशा आणि दगड पाठवतो. बांधायचा तो ज्याचा त्याने, लाखो घरी. ज्याने बांधला नाही, त्याच्या कड्याचा पत्ता तेवढा जगजाहीर झालेला असतो. दुरुस्ती निघाली त्या दिवसापासून दोष कारागिराकडून आपल्याकडे येतो.

आणि आपण म्हणजे कोण? तालुक्याच्या गावी एखाद्या टेबलावरच्या यंत्रात शेतकऱ्याचा सातबारा, त्याचा आधार क्रमांक, कांद्याचे पैसे जमा होणारे बँकखाते, सारे एकत्र नांदत असते. अपडेटची सूचना येते. समोर रांग असते, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. हात 'नंतर' या शब्दाकडे जातो. ही अडचण खोटी नाही. पण 'नंतर' म्हणणारा एक आणि लुबाडला जाणारा दुसरा, हे त्यातले अनीतीचे मूळ आहे. स्वतःचे घर उघडे टाकणारा फार तर वेंधळा ठरेल. दुसऱ्याची ठेव उघड्यावर ठेवणाऱ्याला तो शब्द पुरत नाही. रांगेतल्या माणसाला पॉवरशेल ठाऊक नसते. त्याने कागद पुढे सरकवलेला असतो, तो आपल्या भरवशावर. त्या भरवशापोटी रांग घटकाभर थांबवून यंत्र दुरुस्त करून घेणे, हे मी उपकार मानीत नाही. ते देणे आहे.