आधी प्रसंग की आधी उत्तर?

तत्त्व प्रसंगातून शिकवायचे ठरले, की प्रसंग कोणत्या क्रमाने मांडायचा हा प्रश्न उभा राहतो. वैद्यकीय शिक्षणात तो ‘केस’च्या मांडणीचा प्रश्न आहे. धर्मपरंपरांपुढे तो गुरूच्या आठवणी लिहिताना कित्येक शतके आधीच आला होता, आणि मराठवाड्यातल्या खुलताबादच्या परिसरात त्याची परस्परविरोधी उत्तरे शेजारी शेजारी सापडतात.

दिल्लीचे सूफी संत शेख निजामुद्दीन औलिया यांच्या 1308 ते 1322 या काळातल्या बैठकी अमीर हसन सिज्जी या कवीने ‘फवाइदुल फुआद’ या फारसी ग्रंथात तारीखवार नोंदवल्या. पुढे मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा सिज्जीही दख्खनेत आला. त्याची कबर खुलताबादेत आहे. त्याच्या ग्रंथात कोणीतरी प्रश्न विचारतो, शेख उत्तर देतात, मध्येच एखादी गोष्ट सांगतात, आणि विषय वळतो. प्रश्न कोणी आणि कशावरून विचारला हे उत्तराइतकेच ठळक दिसते. नियम वाचकाने स्वतः काढायचा असतो.

औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब 1337 मध्ये वारले. त्यांचा दर्गा खुलताबादचाच. त्यांच्या शिकवणुकीचे लेखन मुख्यतः काशानी घराण्यातल्या तीन भावांनी केले, आणि तिघांनी तीन वाटा धरल्या. रुक्नुद्दीनने ‘नफाइसुल अन्फास’मध्ये सिज्जीचीच बैठकवार पद्धत ठेवली. हम्मादुद्दीनने ‘अहसनुल अक्वाल’मध्ये विषयवार प्रकरणे पाडली: आधी आचाराचा नियम, मग त्याच्या पुष्टीला शेखांचे वचन किंवा प्रसंग. मजदुद्दीनने चमत्कारांच्या हकिकती गोळा केल्या. तिथे तर शंकेला दारच बंद आहे. गुरू एकच असूनही तीन ग्रंथांचा वाचक तीन तऱ्हांनी घडतो. बैठकीतली गोष्ट उलगडत जाते, तर नियमाखाली बसवलेली तीच गोष्ट साक्षीदारासारखी उभी राहते. तिला एकच काम उरते, होकार देण्याचे.

खुलताबादला लागून असलेल्या वेरूळला त्याआधी चक्रधरस्वामींचे वास्तव्य होते. महानुभाव परंपरेत हाच पेच मराठीत दिसतो. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त स्वामींच्या आठवणी घडल्या तशा, ठिकाणांसह गोळा केल्या. केशिराजबासांनी त्यांतली वचने वेगळी काढून सूत्रे बांधली, आणि ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी तीन पायऱ्यांची रचना केली. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत तिथलाच. पण त्याचा अर्थ दार्ष्टांतिकात सांगून टाकलेला असतो. पुढे सूत्रांना त्यांचा प्रसंग पुन्हा जोडून देणारे ‘प्रकरणवश’ लिहावे लागले. प्रसंगावाचून सूत्र अडते, याची ही पंथानेच दिलेली कबुली म्हणावी लागेल. लीळाचरित्राच्या हस्तलिखितांत एकाच लीळेबद्दल निरनिराळ्या व्यक्तींच्या नावाने पाठभेदही टिपलेले आढळतात. श्रद्धेच्या ग्रंथाने मतभेद पुसला नाही, ही गोष्ट लहान नाही.

आता वैद्यकाकडे वळू. खुलताबादजवळच्या छत्रपती संभाजीनगरात 1956 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथेच नव्हे, देशभर एमबीबीएसचा विद्यार्थी दोन तऱ्हेच्या केसेसवर शिकतो. वर्गात बहुधा हम्मादुद्दीनची तऱ्हा असते: ‘क्षयरोगाचा रुग्ण’ असे शीर्षक, मग खोकला, ताप, घटलेले वजन. शीर्षकामुळे प्रत्येक लक्षण आपोआप पुरावा बनते, न जुळणारे लक्षण नजरेआड होते. वॉर्डातल्या ‘लाँग केस’मध्ये विद्यार्थी खाटेजवळ बसून रुग्णाच्या शब्दांत तक्रार ऐकतो, तपासतो, संभाव्य निदानांची यादी करतो आणि मग त्यांतले एक निवडतो. (परीक्षेच्या दिवसांत दहाव्यांदा हकिकत सांगणाऱ्या रुग्णालाच निदान पाठ झालेले असते, हा भाग वेगळा.) रिचर्ड कॅबट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनमध्ये रुजवलेल्या चर्चापद्धतीत निदान शेवटपर्यंत झाकून ठेवत, तेही याच कारणासाठी. पहिल्याच निदानावर अडकून पडणे ही डॉक्टरांची ओळखीची चूक आहे, आणि उत्तर आधी देणारी मांडणी तिलाच खतपाणी घालते.

म्हणून नियमवार मांडणी त्याज्य ठरत नाही. समाच्या, म्हणजे सूफींच्या भक्तिसंगीताच्या, मैफलीत कसे बसावे हे नवख्या मुरीदाला, म्हणजे शिष्याला, थेट सांगावेच लागते, आणि श्वास अडकलेल्या रुग्णाजवळ शक्यतांची यादी करत बसता येत नाही. पण विवेक आणि आचार ही दोन कामे आहेत. आचार नियमातून लवकर येतो. विवेकाला मात्र उत्तर माहीत नसलेला काही काळ लागतो, आणि तो काळ मांडणीनेच राखून ठेवायचा असतो.

उलगडत जाणारी केसही आपोआप चिकित्सक बुद्धी देत नाही. शेवटचा शब्द शेखांचाच असेल, तर बैठकीतला प्रश्नही मान तुकवण्याची तयारी ठरतो. वॉर्डात ती जागा वरिष्ठ प्राध्यापकाची असते. तिथे झाकलेले निदान ओळखण्याचा खेळ होतो आणि विद्यार्थी रुग्णाऐवजी सरांचा चेहरा वाचू लागतो. यावर लीळाचरित्रातले पाठभेद जास्त उपयोगी आहेत: एकाच रुग्णाबद्दल दोन अनुभवी डॉक्टरांची न जुळलेली मते, दोघांच्या कारणांसह, केसमध्ये तशीच ठेवणे. पाठ्यपुस्तकात अशा केसेस क्वचितच छापल्या जातात. शिक्षकांनी त्या वॉर्डातूनच आणाव्यात.