सरळ रस्ता वाकतो तेव्हा

सारे पाहिले म्हणजे खरे पाहिले, असे आपण सहज धरून चालतो. “मी सगळं पाहिलंय, मला सांगू नका!” हे वाक्य भांडणात किती निर्णायक ठरते, हे कुटुंबवत्सल वाचकांना सांगायला नकोच. अर्धे पाहणाऱ्याची साक्ष कच्ची आणि सगळे पाहणाऱ्याची पक्की! हा न्याय कितपत टिकतो, याचा विचार मला न्यायशास्त्राच्या ग्रंथांनी नव्हे, तर युरोपातल्या जुन्या शहरांच्या लांबलचक छायाचित्रांनी करायला लावला. फराळाचे ताट पुढे असताना वाचकांना प्राग आणि पॅरिसच्या रस्त्यांवर नेतो आहे, ही आगळीक समजू नये.

‘पॅनोरमा’ हा शब्द ग्रीक धातूंवरून जुळवलेला; त्याचा अर्थच मुळी सर्वदर्शन. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने एडिंबरा शहराचे चहूबाजूंचे दृश्य गोलाकार पटावर रंगवण्याची युक्ती काढली आणि १७८७ साली तिचे पेटंट घेतले. प्रेक्षकाने मधोमध उभे राहायचे आणि स्वतःभोवती फिरत शहर पाहायचे. पुढे छायाचित्रणाचा शोध लागला आणि १८४५ च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रीडरिश फॉन मार्टेन्स याने फिरत्या भिंगाचा कॅमेरा तयार केला. भिंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू वळते आणि वाकवलेल्या पत्र्यावर शहर पट्ट्यापट्ट्याने उमटत जाते.

या जातीच्या कॅमेऱ्याचे खरे भाग्य उजळले ते प्रागमध्ये. योसेफ सुदेक हा मूळचा पुस्तकबांधणी शिकलेला माणूस. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला आणि तो धंदा सुटला. मग एका हाताने तो छायाचित्रे काढू लागला. एक जुनाट कोडॅक पॅनोरमा कॅमेरा घेऊन तो वर्षानुवर्षे प्रागभर हिंडला. गल्ल्या, पूल, नदीकाठ, टेकड्या, अगदी शहराच्या कडेची ओसाड मैदानेसुद्धा त्याने सोडली नाहीत. १९५९ साली त्याचे ‘प्राहा पानोरामातित्स्का’ हे पुस्तक निघाले, त्यात २८४ चित्रे आहेत. घाईच्या माणसाने ते हाती घेऊ नये.

या चित्रांत एक चमत्कार दिसतो. कॅमेऱ्यासमोरून आडवा जाणारा सरळ रस्ता चित्रात धनुष्यासारखा वाकतो. अगदी समोरचे घर उंच आणि पुढे आलेले, तर दोन्ही टोकांची घरे आखडून मागे सरलेली. प्रत्यक्षात ती एका ओळीत उभी असतात! पाहणारा चटकन म्हणतो, ‘कॅमेरा खोटे बोलला.’ पण तेच चित्र योग्य तेवढे गोलाकार वाकवून धरा आणि आपला डोळा त्या गोलाच्या मध्यावर आणा. रस्ता पुन्हा सरळ होतो. खोट चित्रात नव्हती. ते आपण टेबलावर सपाट अंथरले, इतकेच. भिंग जिथे उभे होते तिथे डोळा नेण्याचे कष्ट आपण घेतले नव्हते.

माणसांविषयीचे कितीतरी तंटे याच जातीचे असतात, असे मला वाटते. सासूने सांगितलेली हकीकत सुनेला वाकडी दिसते, सुनेची सासूला. ज्याच्या दारासमोर जे घडते ते त्याला मोठे दिसणारच. दुसऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहिले तर पुष्कळ रस्ते सरळ होतात, ही जुनी शिकवण या छायाचित्रांनी मला भूमितीने पटवून दिली. शिक्षक असल्यामुळे भूमितीची साक्ष मला जरा अधिक वजनदार वाटते.

परंतु इथेच थांबलो तर गोड समजुतीवर वेळ निभावून नेल्यासारखे होईल. जागेने आलेला वाकडेपणा असा सरळ करता येतो. काळाने आलेला येत नाही. फिरत्या भिंगाच्या चित्राचे डावे टोक एका क्षणाचे असते आणि उजवे दुसऱ्या. भिंग वळत असता एखादा चलाख मुलगा मागून धावत दुसऱ्या टोकाला गेला, तर तो एकाच चित्रात दोनदा उमटतो. (असा विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर मी त्याला शिक्षा केली असती आणि मनातून खूशही झालो असतो.) भिंगाच्या उलट चालणारा आखडतो, बरोबर चालणारा ताणला जातो. आजचे मोबाइलही एकेक तुकडा जोडून असेच लांब चित्र करतात आणि चालत्या माणसाचा कधी एखादा पाय गायब होतो. सगळे शहर आले. पण असे शहर कोणत्याही एका क्षणी नव्हते.

याहून कठोर उदाहरण पॅरिसचे आहे. ते पॅनोरमा नव्हे, पण प्रश्न तोच. १८३८ साली लुई दागेरने आपल्या खिडकीतून बूलव्हार द्यू तांप्ल या नाट्यगृहांच्या गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. त्या मिनिटांत गाड्या गेल्या, घोडे गेले, माणसे गेली. कोणीच उमटले नाही. रस्ता ओसाड दिसतो. स्पष्ट उमटला तो एकच माणूस, बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी पाय पुढे करून स्वस्थ उभा राहिलेला. छायाचित्रात आलेला पहिला मनुष्य म्हणून त्याची ख्याती आहे.

आता हे चित्र खोटे आहे काय? त्यात कोणी काही पुसले नाही, भर घातली नाही. भिंगाने सगळ्या रस्त्याकडे सारख्याच निष्ठेने पाहिले, आणि तरी शेकडो माणसे वगळली गेली. कोणाचा द्वेष करून नव्हे. ती थांबली नाहीत म्हणून. इथे कोणाच्या जागी उभे राहून काय सरळ करणार? दागेरच्या खिडकीत जाऊन उभे राहिलो तरी ती माणसे परत येत नाहीत. निःपक्षपाती पाहणे म्हणजे न्याय, ही आपली समजूत मला या पत्र्यासमोर डळमळताना दिसते. ज्याला थांबायची सवड होती त्याची नोंद झाली. ज्याला पोटामागे धावायचे होते तो गेला.

हा रस्ताही पुढे तसा उरला नाही; १८६२ साली नव्या आखणीसाठी तिथली बहुतेक नाट्यगृहे पाडली गेली. चित्राच्या प्रतींत मात्र तो माणूस अजून पाय पुढे करून उभा आहे. त्याच्यापाशी वाकून बसलेला पॉलिशवाला नीट निरखल्यावरच कळतो. तो एक काळपट डाग आहे, कारण त्याचे हात चालू होते.