बैठकीतली गादी आणि देवाचा लोड

आमच्या सटाण्याकडच्या जुन्या घरांतून अजून एखादी गादीची खुर्ची किंवा कोच दृष्टीस पडतो. आत स्प्रिंगा, त्यांवर काथ्या, वर विटलेली मखमल. वाडवडिलांची वस्तू म्हणून घरचे ती जपतात. जपावीच. माळ घातली म्हणून ती मोडीत काढा, असे आम्ही म्हणणार नाही. पण जपायची कोणासाठी? कित्येक घरी तिच्यावर बारा महिने चादर असते. साहेब किंवा व्याही आले की ती निघते. आणि ज्याच्या बापाने ती खुर्ची घेतली, तो घरातला म्हातारा ओट्यावर पोते टाकून बसलेला! का, तर त्याच्या धोतराने मखमल मळेल म्हणे. हे पाहून आम्हांस फार वाईट वाटते.

आपल्या देवाचे पाहा. आषाढी-कार्तिकीला पंढरीत देवाचा पलंग निघतो. निजणे बंद, दर्शन रात्रंदिवस चालू. तेव्हा विठुरायाच्या पाठीशी लोड लावतात, रखुमाईला तक्क्या देतात. यात्रा ओसरली, प्रक्षाळपूजा झाली, की मग पलंग परत येतो. लोड हा खरा आरामाचा जिन्नस. पण येथे तो देवाला उभे राहता यावे म्हणून आहे. रात्री दोन वाजता चिखलाच्या पायांनी आलेला वारकरीही विन्मुख जाऊ नये, एवढ्यासाठी.

कोणी म्हणेल, देवाचे निराळे. माणसाला मान सांभाळावा लागतो. बरे, मानाचेच घ्या. यशवंतराव भोसेकर सटाण्याचे मामलेदार. त्या काळी मामलेदाराच्या गादीचा दरारा केवढा! १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला. रक्कम १ लाख २७ हजार रुपये सांगतात. लोकांनी त्यांना देवमामलेदार केले. १८८७ साली नाशकास त्यांनी देह ठेवला. सटाण्यात त्यांचे मंदिर आहे, मार्गशीर्षात यात्रा भरते. गादी टाकून ते रानात गेले नव्हते बरे का. गादीवर बसूनच त्यांनी हे केले.

आणि झाकून ठेवल्याने गादी टिकते, हाही भ्रमच. कापसाचे गोळे होतात, दमट जागी कसर लागते. तिला ऊन दाखवावे, कापूस पिंजून घ्यावा, वर धुवट खोळ घालावी. मग ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्याला हात धरून आत आणावे. त्याचे गुडघे धरलेले असतात. खाली बसले की उठवत नाही त्याला.