लसणाचा रस आणि लोहचुंबक

1560च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या येना विद्यापीठाचे दोन प्राध्यापक वायमारला ड्यूक योहान फ्रीडरिख दुसरा याच्यासमोर वादाला उभे राहिले. विद्यापीठाचं रीतसर उद्घाटन होऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. एक होता मातियास फ्लाशियस. ल्यूथरच्या शिकवणीत पाणी मिसळू द्यायचं नाही, या एका ध्यासाने झपाटलेला विद्वान. दुसरा व्हिक्टोरिन श्ट्रीगेल, ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याचा शिष्य. ड्यूकचा विश्वासनामा मान्य केला नाही म्हणून आदल्याच वर्षी तो कैदेत पडला होता. प्रश्न असा होता की पापी माणूस देवाकडे वळतो त्या वळण्यात त्याच्या स्वतःच्या इच्छेचा काही वाटा असतो का. श्ट्रीगेलने लोहचुंबकाचा दाखला दिला. चुंबकाला लसणाचा रस चोपडला की तो लोखंड ओढेनासा होतो, अशी त्या काळी सर्वांची पक्की समजूत होती. पण रस लागला म्हणून चुंबक दगड होत नाही. त्याची शक्ती दबते, नाहीशी होत नाही. पाप माणसाचं असंच करतं, असं श्ट्रीगेलचं म्हणणं. फ्लाशियसला हे अजिबात पटेना. तेव्हा श्ट्रीगेलने त्याला तर्कशास्त्राच्या कोंडीत पकडलं: आदिपाप हा माणसाला बाहेरून चिकटलेला गुण, की त्याचं मूळ द्रव्यच? फ्लाशियस म्हणाला, द्रव्य.

हा वाद पंडितांचा वाटतो, पण तो आपण रोज घालतो. आज त्याच येनाच्या ट्राममध्ये चढताना तिकीट कोणी बघत नाही. दार उघडतं, माणूस आत जातो. तपासनीस आला तर आला. दोन थांब्यांपुरतं तिकीट कशाला, हा विचार मनात यायला एवढी मोकळीक पुरते. अजून आंघोळही झालेली नसताना फोनवर ‘निघालोच, वाटेत आहे’ म्हणणं, मंडळीतल्या एखाद्याबद्दल ऐकलेली गोष्ट ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ असं म्हणून चारजणांना सांगणं, ही त्याच जातीची उदाहरणं. अशा वेळी ख्रिस्ती माणूस स्वतःला दोनपैकी एक उत्तर देतो. ‘माझा स्वभावच तसा, माणूस म्हटलं की हे आलंच’ हे एक. ‘मनात आणलं तर उद्यापासून सोडून देईन’ हे दुसरं. पहिल्यात फ्लाशियस बोलतो, दुसऱ्यात श्ट्रीगेल. दोघांच्याही मूळ मतापेक्षा ही रूपं फार बाळबोध आहेत, हे खरं. पण दोन्ही उत्तरांचा उपयोग एकच होतो: आत्ताचा मोह आत्ता टाळायची गरज उरत नाही.

माझं म्हणणं असं, की छोट्या मोहाला दिलेला नकार ही माणसाने स्वतः करायची खरीखुरी कृती आहे, आणि तरीही ती त्याची स्वतःची कमाई नाही. या दोन गोष्टी एकत्र धरता आल्या तरच रोजच्या जीवनात काही हाती लागतं. ल्यूथरन मंडळींनी 1577मध्ये ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ नावाचा विश्वासनामा तयार केला, तेव्हा त्यांनी हेच केलं. पाप हे माणसाचं द्रव्य असेल तर ते देवानेच घडवलं असं होईल, आणि ख्रिस्ताने आपला देह धारण केला तेव्हा पापही धारण केलं असं म्हणावं लागेल; म्हणून फ्लाशियसचं मत त्यांनी नाकारलं. त्याच दमात लसणाच्या रसाचा दाखलाही नाकारला, कारण त्यात पाप फार वरवरचं ठरतं. पण पुढच्याच कलमात एक भेद केलेला आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देवाकडे वळण्यापूर्वी माणसाच्या इच्छेत काही बळ नसतं. पवित्र आत्म्याने काम सुरू केल्यावर मात्र ती इच्छा, कितीही दुबळी असली तरी, त्याच्याबरोबर काम करू शकते आणि तिने ते केलंच पाहिजे. वायमारचा वाद पहिल्या अवस्थेविषयी होता. ट्रामच्या दाराशी उभा असलेला बाप्तिस्मा झालेला माणूस दुसऱ्या अवस्थेत आहे. ‘मी दगड आहे’ ही सबब त्याला उपलब्धच नाही. आणि जे बळ त्याला वापरायचं आहे ते त्याला दिलेलं आहे, म्हणून ‘मी जिंकलो’ हा दिमाखही नाही.

मोह छोटा असला तर इतका ऊहापोह कशाला, असं कोणी विचारील. माणसं उपाशी मरताहेत, युद्धं चालली आहेत, आणि आपण तिकिटाचं काय घेऊन बसलो? पण अरण्यात येशूपुढे पहिला मोह आला तो राज्यांचा नव्हता, भाकरीचा होता. मत्तय आणि लूक दोघांच्याही शुभवर्तमानात तो पहिला आहे. याकोबाच्या पत्रात पापाची सुरुवात माणसाच्या आपल्याच इच्छेपाशी होते, आणि मृत्यू त्या साखळीच्या टोकाला येतो. मोठ्या मोहाच्या वेळी माणूस निदान सावध असतो; छोट्याच्या वेळी आपण काही निवडतो आहोत याचंच भान नसतं. खुद्द फ्लाशियसकडे बघा. वादात तोंडातून गेलेला ‘द्रव्य’ हा एक शब्द मागे घेणं ही केवढीशी गोष्ट! त्याच्याच बाजूचे विगांड आणि हेशुसियस यांनासुद्धा तो शब्द टिकणारा वाटला नाही, आणि पुढे त्यांनी त्याविरुद्ध लिहिलं. त्याच्या मनात काय होतं याचा निवाडा करायचा अधिकार मला नाही. सत्य राखतो आहोत अशीच त्याची श्रद्धा असणार. पण 1561च्या अखेरीस त्याला येनातून काढून टाकलं, त्यानंतर गावोगाव फिरत 1575मध्ये फ्रँकफुर्टला मरेपर्यंत त्याने तो शब्द सोडला नाही. वादात शेवटचं वाक्य आपलंच असावं, हा मोह तर घराघरात जेवणाच्या ताटावर रोज येतो.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. असं बारीकसारीक तपासत बसलं तर मन आजारी पडतं. याचा साक्षीदार ल्यूथरच आहे: एरफुर्टच्या मठात तरुणपणी तो तासन्‌तास पापांगीकार करी आणि तरी काहीतरी राहिलं या धास्तीत असे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. मात्र पुढे 1529च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत, प्रभूच्या प्रार्थनेचा अर्थ सांगताना, त्याच ल्यूथरने मोह जाणवणं आणि मोहाला संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून मांडल्या. जाणवणं कोणाला चुकलेलं नाही, त्याने कोणाचं नुकसानही होत नाही. म्हणजे तपासायची आहे ती संमती, मनात येणारा प्रत्येक विचार नव्हे. ही रेघ नीट ओढली की मन पुष्कळ मोकळं होतं, आणि लक्ष स्वतःवरून उठून ज्याचं नुकसान होणार आहे त्या शेजाऱ्याकडे जातं.

येनाच्याच दुसऱ्या एका प्राध्यापकाचा, कवी शिलरचा, आक्षेप मला सर्वांत जास्त आवडतो. त्याने 1793मध्ये लिहिलेल्या, लालित्य आणि प्रतिष्ठा यांवरच्या निबंधात कांटच्या कर्तव्यविचारावर टीका केली. सतत आपल्या ओढीशी झगडणारं सद्‌वर्तन त्याला अपुरं वाटलं. कर्तव्य आणि आवड जिथे एक होतात ते मन सुंदर, असं त्याचं मत. हे खरं आहे, आणि ख्रिस्ती आशेशी जुळतंही: प्रीती पूर्ण झाली की झगडा संपतो. फक्त ही अवस्था वाटेच्या शेवटी आहे. आज जो झगडा नको म्हणतो, तो बहुतेक वेळा आपल्या आवडीलाच सुंदर म्हणून मोकळा होतो.

मग करायचं काय? प्रभूची प्रार्थना मोहाशी झुंजायला ताकद मागत नाही. त्यात नेऊ नको, अशी विनवणी करते. ज्याच्या खिशात सत्राचं तिकीट आहे त्या विद्यार्थ्याला ट्रामचं दार मोहात पाडत नाही. फोन उशाशी न ठेवणं, चहाड्या सुरू झाल्या की उठून जाणं, हे भित्रेपण नसून त्या विनवणीला जोडलेले आपले हातपाय आहेत. आणि त्या प्रार्थनेत ही विनवणी येते ती क्षमेच्या मागणीनंतर. आधी ऋण माफ होण्याचं मागणं, मग मोहाचं. कालच्या मोहाला हो म्हणून बसलेला माणूसही आज सकाळी याच क्रमाने उभा राहतो, आणि ट्राम आली की तिकीट काढतो.